नऊ झऱ्यांच्या बाटल्या

बाटलीबाईंशी वाद घालायला सहसा कोणी जात नसे. जो जाई तो घाम पुसत परत येई. संग्रहालयाच्या दारावरच्या तिकीटवाल्यापासून वरच्या मजल्यावरच्या हिशेबनिसापर्यंत सगळे त्यांना बाटलीबाई म्हणत, तेही तोंडावर, आणि बाईंना त्याचं काही वाटत नसे. "बाटल्या आहेत म्हणून बाटलीबाई. खोटं काय आहे त्यात?" एवढं म्हणून त्या आपल्या तळघराचा जिना उतरायला लागत.

तळघरात त्यांची ओली खोली होती. ओली म्हणजे भिंती ओल्या असं नव्हे, भिंती कोरड्या ठणठणीत होत्या. ओले होते ते तिथले प्राणी, म्हणजे अल्कोहोलात बुडवून बाटल्यांत ठेवलेले. वरच्या दालनात पेंढा भरलेलं अस्वल होतं, काचेचे डोळे लावलेलं घुबड होतं, त्यामुळे लोक वरच्या वर बघून खूश होऊन घरी जात. खाली कोणी फिरकत नसे. चुकून कोणी आलंच तर स्पिरिटच्या वासाने नाक धरून पळत सुटे, आणि बाई म्हणत, "बरं झालं, उजेड अडवून उभा होता."

त्या खोलीत साप होते, बेडूक होते, पण बाईंचा जीव होता तो भिंतीकडच्या तीन कपाटांवर. त्या कपाटांत अँफिपॉड. नाव ऐकून घाबरायचं कारण नाही. कोळंबीचा हा लांबचा नातेवाईक, लग्नकार्यात ज्याला कोणी ओळख देत नाही असा. नखाएवढा जीव, पाठीत वाकलेला, दोन्ही बाजूंनी चिमटीत धरून दाबल्यासारखा चपटा. त्यामुळे याला नीट उभं राहता येत नाही. कुशीवर पडूनच सरपटतो आणि पाण्यात सोडला की आडवाच सुर्रकन पळतो. राहतो कुठे, तर थंड, स्वच्छ, वाहत्या पाण्यात, दगडाखाली नाहीतर कुजलेल्या पानांच्या थरात. ती पानंच खातो. कोणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही.

गावाबाहेर डोंगराची एक लांब रांग होती. तिच्या अलीकडच्या अंगाला चार झरे आणि पलीकडच्या अंगाला पाच. अलीकडचं पाणी एका नदीला जायचं, पलीकडचं दुसऱ्या, आणि त्या दोन नद्यांची आयुष्यात कधी गाठ पडायची नाही. तरीही नऊच्या नऊ झऱ्यांत हा प्राणी होता. आता गंमत बघा. याची मादी अंडी पाण्यात सोडून देत नाही. पोटाखाली पिशवी असते, तिच्यात घेऊन हिंडते, पिल्लंही तिथेच वाढतात. म्हणजे पिल्लं वाहत वाहत दुसऱ्या गावाला गेली असंही नाही. कोरड्यावर पडला की हा संपला. मग डोंगर ओलांडून हा पलीकडे गेला कसा? जमिनीखालून पाण्याच्या वाटा आहेत का? बदकाच्या पायाला चिकटून गेला? का फार पूर्वी तिथे डोंगरच नव्हता आणि सगळं पाणी एक होतं? बाई पहिल्यांदा डोंगरावर गेल्या तेव्हा वेणी घालत होत्या. तेव्हा हा प्रश्न डोक्यात शिरला, तो आता केस पिकले तरी निघाला नव्हता.

म्हणून त्यांची कामाची एक पद्धत होती, आणि ती मोडली तर त्या कोणाच्याही बापाला ऐकत नसत. एका झऱ्याची, एका फेरीची एक बाटली. जाड कागदाची चिठ्ठी, तिच्यावर झऱ्याचं नाव आणि तारीख, आणि ती चिठ्ठी बाटलीच्या आत. बाहेर चिकटवलेली सुटते, झुरळं खातात. लिहायचं पेन्सिलनेच, कारण पेनची शाई अल्कोहोलात विरघळून कागद पांढरा फटक पडतो. टेबलावर एका वेळी एकच बाटली उघडी. सूक्ष्मदर्शकाखाली एखाद्याचे पाय सोडवून बघितले, तर बघून झाल्यावर ते पाय पुन्हा त्याच बाटलीत. शिपाईमामा, जे बाईंच्या आधीपासून संग्रहालयात होते आणि बाटल्यांत अल्कोहोल भरत राहणं हे ज्यांचं काम होतं, ते म्हणत, "आमच्या घरात सुनांना एवढी शिस्त नाही, बाई, जेवढी या किड्यांना आहे."

"किडा नाही, मामा."

"बरं, नाही. पण आहे किड्यासारखाच."

तर असं सगळं सुखाने चाललेलं असताना नवे संचालक आले. माणूस वाईट नव्हता हे आधीच सांगितलेलं बरं. हसतमुख, सगळ्यांना अहोजाहो करणारा, मुलांसाठी काहीतरी करावं अशी तळमळ असलेला. तळघरात मुलांसाठी एक खोली करायची, तिथे मुलांनी हात लावून बघाव्यात अशा वस्तू ठेवायच्या, आणि ती सुट्ट्या लागायच्या आत उघडायची असं त्यांच्या मनात होतं. जागा मात्र नव्हती. ते जिना उतरून आले, नाकही धरलं नाही, आणि तीन कपाटांसमोर उभे राहिले.

"या सगळ्यांत काय आहे, बाई?"

"अँफिपॉड."

"तिन्ही कपाटांत? किती जातींचे?"

"आज तरी एकाच. एकच नाव आहे सगळ्यांना."

संचालकांचा चेहरा एकदम उजळला. "मग झालं की! एकाच जातीला एवढ्या बाटल्या कशाला? तीन मोठ्या बरण्या आणू आणि सगळे एकत्र घालून ठेवू. घरी नाही का आपण चार पुड्यांतली साखर एका डब्यात ओततो? एक प्राणी फेकायचा नाही, एक पाय फेकायचा नाही. फक्त जागा वाचेल."

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण माणूस नवा, म्हणून त्यांनी शांतपणे विचारलं, "तुम्हाला मुलं किती?"

"दोन मुलगे."

"आडनाव एकच ना दोघांचं?"

"अर्थात."

"मग शाळेत दोघांचा मिळून एकच दाखला का नाही दिला?"

संचालक मोठ्याने हसले. राग आला नाही त्यांना, हीच तर पंचाईत होती. म्हणाले, "बाई, असं करू. हे वेगवेगळे आहेत असं तुम्ही दाखवून द्या. नऊ झऱ्यांचे नऊ प्रकार असतील, चार असतील, दोन असतील, काहीही. मग एकही बाटली मी हलवणार नाही, शब्द देतो. पण सगळे एकच निघाले, तर मात्र बरण्या."

बाई मनातून हरखल्याच. वेगळे असणार याची त्यांना खात्री होती. डोंगराच्या दोन अंगांना, हजारो वर्षं एकमेकांचं तोंड न बघितलेले प्राणी एकसारखे कसे राहतील? दोन बहिणी दोन गावांना दिल्या तर दहा वर्षांत त्यांचं बोलणं बदलतं. "बघते," एवढंच म्हणून त्यांनी लगेच कामाला हात घातला.

काम म्हणजे काय, तर नर निवडायचे, कारण ओळख नरावरच पटते. पुढच्या दोन जोड्या पायांना पंजे असतात, त्यांचा आकार बघायचा. शेपटीकडची टोकं, त्यांवरचे काटे, तोंडाचे भाग, सगळं बारीक सुयांनी सोडवायचं, ग्लिसरीनच्या थेंबात मांडायचं, आणि सूक्ष्मदर्शकात बघत कागदावर काढायचं. श्वास जोरात सोडला तरी पाय उडून जातो. बाई सकाळी बसत त्या मामांनी दिवा लावेपर्यंत मान वर करत नसत. डबा तसाच परत जाई.

आणि एके दिवशी सापडलं! आंधळ्या झऱ्याच्या नरांच्या शेपटीवर काटे जास्त होते. आंधळा झरा म्हणजे पलीकडच्या अंगाचा सगळ्यांत वरचा. खडकाखालून पाणी यायचं, पण त्याचं तोंड कोणाला दिसायचं नाही, म्हणून आंधळा. बाई खुर्चीवरून उठल्या आणि त्यांनी मामांचा हात धरून त्यांना गरकन फिरवलं. मामांना वाटलं, बाईंना स्पिरिट चढलं.

चार दिवस हा आनंद टिकला. मग त्यांच्याच मनात पाल चुकचुकली. आंधळ्या झऱ्याचे नर अंगाने मोठे होते. मग बाकीच्या झऱ्यांतले मोठे नर बघितले तर? बघितले. त्यांनाही काटे तेवढेच. लहान नरांना सगळीकडे कमी. म्हणजे काटे वयाचे होते, झऱ्याचे नव्हते. बाईंनी पंजे पुन्हा बघितले, तोंडं पुन्हा बघितली, चष्मा पुसून पुन्हा बघितली. नऊ झऱ्यांचे प्राणी एकमेकांशेजारी ठेवले तर कोणता कुठला हे सांगणं त्यांनाही शक्य नव्हतं.

बाई राहत भावाकडे. भाऊ म्हणजे दादा, जन्मभर बस चालवून आता घरी बसलेला, आणि घरातही वळण आलं की हॉर्न दिल्यासारखा खोकणारा. त्या रात्री जेवताना बाईंचा चेहरा बघून वहिनींनी सगळं काढून घेतलं.

"म्हणजे वेगळे आहेत असं म्हटलं की बाटल्या वाचतात?" वहिनी म्हणाल्या.

"हो."

"अहो, मग म्हणा की, वन्सं! कोण बघायला येणार आहे? त्यांच्या शेपटीचे काटे मोजणारं तुमच्याशिवाय आहे का कोणी भूतलावर?"

"तेच तर," दादा म्हणाला. "परीक्षा घेणारी तूच, देणारी तूच. स्वतःला नापास करते आहेस, याला काय म्हणावं?"

बाई उठून आपल्या खोलीत गेल्या. मोह झाला. झालाच, उगाच सोवळेपणाचा आव कशाला आणायचा? काटे जास्त असलेले मोठे नर आंधळ्या झऱ्याचे म्हणून दाखवायचे, लहान नर इतर झऱ्यांचे, आणि दिलं नाव ठोकून. नऊच्या नऊ नावं देता आली असती, एखादं वहिनींच्या नावावरूनही. पण ही अशी खोटी नावं बारशाच्या पाळण्यात घालायची, आणि मग रोज सकाळी त्याच बाटल्या कोणत्या तोंडाने पुसायच्या? त्या कूस बदलत राहिल्या आणि शेवटी भिंतीला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "नाही म्हणजे नाही."

दुसऱ्या दिवशी त्या संचालकांसमोर जाऊन उभ्या राहिल्या. "सगळे एकच आहेत."

संचालकांनी सुटकेचा श्वास सोडला. "बाई, तुमच्या प्रामाणिकपणाला..."

"तो राहू द्या. एकच आहेत, पण मी मिसळणार नाही."

"म्हणजे? आपलं ठरलं होतं."

"तुम्ही ठरवलं होतं. मी फक्त बघते म्हणाले होते. अहो, ते एकच आहेत हाच तर प्रश्न आहे! दोन नद्यांचं पाणी, मध्ये डोंगर, आणि प्राणी तोच. कसा गेला तो? माझ्या डोळ्यांना एकसारखे दिसतात. उद्या माझ्यापेक्षा चांगलं यंत्र घेऊन कोणी येईल, त्यांच्या रक्तामांसात बघेल, त्याला कदाचित नऊ घराणी दिसतील. पण त्याला काय देणार तुम्ही? बरणी? जातीचं नाव काय, आज आहे, उद्या बदलेल. कुठून आणला हे एकदा गेलं की गेलं."

"आणि ते कोणी आलंच नाही तर?"

"तर नाही आलं. बाटल्या काही खायला मागत नाहीत."

"बाई, हा शुद्ध हट्ट आहे."

"आहे."

"मला आदेश काढावा लागेल."

"काढा. संग्रहात काही हलवायचं तर माझी सही लागते. ती मिळायची नाही."

संचालक पहिल्यांदाच हसायचे थांबले. "कारवाई होईल. निवृत्ती तोंडावर आली आहे तुमची. जाता जाता कशाला..."

"निवृत्ती तोंडावर आली म्हणून तोंड बंद ठेवायचं, असा नियम असला तर दाखवा," बाई म्हणाल्या आणि जिना उतरून खाली गेल्या.

मग कागद यायला लागले. पहिला विनंतीचा, दुसरा आदेशाचा, तिसरा खुलासा मागणारा. बाई प्रत्येकावर "मान्य नाही" एवढंच लिहून मामांच्या हाती परत पाठवत. संग्रहालयात तट पडले. हिशेबनीस म्हणाले, बाई डोक्यावर पडली आहे. तिकीटवाला म्हणाला, पडली असेल, पण उठून उभी आहे ना. मामा मात्र दिवसेंदिवस गप्प होत चालले. कागद वरून खाली आणि खालून वर तेच नेत होते, आणि त्यांतली भाषा कशी चढत गेली हे त्यांना वाचता येत होतं. शेवटच्या कागदात निलंबन हा शब्द होता.

नेमकं त्याच सुमारास वहिनींच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं. दादा रस्त्यावरचे अपघात बघून न घाबरलेला माणूस, पण दवाखान्याच्या पायरीवर त्याला घेरी येते. म्हणून बाईंनीच रजा टाकली, वहिनींच्या उशाशी बसल्या, त्यांच्या डोळ्यांत औषधाचे थेंब घातले, आणि आठवड्याने तळघराचा जिना उतरल्या.

कपाटांची दारं उघडी होती. फळ्या रिकाम्या, पुसून लख्ख. टेबलावर काचेच्या तीन मोठ्या बरण्या होत्या आणि बरण्यांच्या मागे मामा उभे होते, इस्त्रीचे कपडे घालून.

"घाबरू नका, बाई," मामा घाईघाईने म्हणाले. "संचालक म्हणाले, बाई रजेवर असताना सही माझी चालते, आणि बाई यायच्या आत काम झालं तर हे सगळे कागद फाडून टाकीन. फाडले, माझ्यासमोर फाडले! सुटलात तुम्ही. आणि मी सगळं तुमच्या पद्धतीने केलं. एका वेळी एकच बाटली उघडली. एकही प्राणी सांडला नाही. आणि हे बघा, चिठ्ठी एकही फेकली नाही. सगळ्या आत घातल्यात."

खरंच घातल्या होत्या. दोऱ्याने नीट जुडी बांधून प्रत्येक बरणीत एक गठ्ठा. आंधळा झरा, शाळेमागचा झरा, गवळ्याचा झरा, सगळ्या पेन्सिलीच्या अक्षरांतल्या, एकमेकींना चिकटून. आणि त्यांच्याभोवती ते वाकलेले पांढुरके जीव, हजारोंनी, एकावर एक.

बाईंनी बरणी उचलून उजेडात धरली. मग ती पुन्हा टेबलावर ठेवली आणि त्या स्टुलावर बसल्या. ओरडावं असं तोंडाशी आलं होतं. पण समोर मामा उभे होते. या माणसाने आठवडाभर, वाकता येत नसताना वाकून, त्यांची नोकरी वाचवली होती. बाईंनी पदर तोंडाला लावला आणि त्या रडल्या, चांगल्या हुंदके देऊन.

मामांचा चेहरा उतरला. "चुकलं का माझं? पुन्हा निवडता येतील की, बाई. तुम्ही नाही ओळखणार तर कोण ओळखणार? मी बसतो मदतीला."

"नाही येणार, मामा."

"का बरं?"

"ते ओळखता येत नाहीत हे मीच तर सिद्ध करून दिलं ना."

मामा मटकन खाली बसले. मग बाई उठल्या, तोंडावर पाणी मारलं, कोपऱ्यातल्या खोक्यातल्या नव्या रिकाम्या बाटल्या काढून टेबलावर मांडल्या आणि मामांना म्हणाल्या, "कपडे खराब करू नका. जा, पेन्सिलीला टोक करून आणा."

संचालकांना त्यांनी सांगितलं, उरलेली सगळी रजा घेते आहे. कशाला, असं त्यांनी विचारलं. "रिकामं कपाट मला बघवत नाही," बाई म्हणाल्या. जुन्या वर्षांच्या बाटल्या परत मिळणार नव्हत्या, हे काय त्यांना कळत नव्हतं? वेणी घालणाऱ्या मुलीने पकडलेले प्राणी ते, ते गेलेच. पण झरे तर जागेवर होते.

दादाने जुनी व्हॅन बाहेर काढली. जाताना शंभरदा कुरकुरला. "लोकांच्या बहिणी या वयात तीर्थाला नाहीतर मुलीकडे जातात. माझी चिखलात जाते." पण गाडी अशी चालवली की मागच्या बाटल्यांचा एकही आवाज आला नाही. बाईंच्या गुडघ्यांनी दगा दिल्यापासून चार-पाच वर्षं त्या डोंगराकडे फिरकल्या नव्हत्या. आता एका हाताने दादाचा खांदा धरायचा, दुसऱ्या हातात जाळी. दगड पायाने हलवायचा, त्याच्या खालच्या अंगाला जाळी धरायची, कुजलेल्या पानांचा लगदा पांढऱ्या थाळीत ओतायचा आणि वाट बघायची. थोड्या वेळाने लगद्यातून एकेक जण कुशीवर पडून सरपटत बाहेर येई. "आले बघ तुझे आडमुठे," दादा म्हणे. बाई एकेकाला चिमट्याने उचलून बाटलीत सोडत. आनंद त्यांच्या चेहऱ्यावर मावत नसे.

अलीकडचे चारही झरे मिळाले. मग व्हॅन डोंगराला वळसा घालून पलीकडे गेली. तिकडचेही एकामागून एक मिळत गेले. शाळेमागच्या झऱ्यात कोणी कपडे धूत होतं, तिथे वर चढून जावं लागलं, पण मिळाले. राहिला तो सगळ्यांत वरचा, आंधळा.

तिथे पोहोचल्यावर दादाने गाडी बंद केली आणि दोघं आतच बसून राहिले. खडक होता तिथे सिमेंटची टाकी होती, टाकीला लागून पंपाची खोली, आणि खोलीतून जाड पाइप उताराने खाली गेले होते. पंपवाला बाहेर येऊन बसला होता. बाईंनी झऱ्याचं विचारलं.

"तो? तो कधीच गेला, आजी. पाणी आता खालून, खोलातून ओढतात. वर थेंब येत नाही. दोन उन्हाळे झाले."

बाई तरीही उतरल्या. टाकीच्या मागे जाऊन बघितलं, दगड उलटले, बोटं घालून माती उकरली. कोरडी. पानांचा थर होता, तो हातात घेतला तर त्याचा चुरा झाला. आंधळ्या झऱ्याचे प्राणी आता जगात कुठे असतील तर त्या बरणीत, एवढ्या गर्दीत, आणि त्यांतला एकही कोणाला बोट ठेवून दाखवता यायचा नाही. बाईंना हे तिथे उकिडवं बसल्यावर समजलं, आणि समजल्यावर उठवेना.

दादाने त्यांना काखेत हात घालून उठवलं. त्याचा आवाज कधी नव्हे एवढा मऊ झाला होता. "हे बघ, रडू नकोस. बाकीच्या आठांत भरपूर आहेत. त्यांतले थोडे या बाटलीत घाल. एकच आहेत म्हणालीस ना तू? मग कोणाला काय कळतंय? नऊ पुऱ्या होतील."

बाईंनी त्याच्याकडे बघितलं. तो प्रेमानेच बोलत होता. मग त्या व्हॅनशी गेल्या, नववी बाटली काढली, तिच्यात काठोकाठ अल्कोहोल ओतलं. मग चिठ्ठी घेतली, व्हॅनच्या बॉनेटवर ठेवून पेन्सिलने लिहिली, बाटलीत सोडली आणि बूच घट्ट लावलं.

"यात तर काहीच नाही," दादा म्हणाला.

"चल, गाडी काढ," बाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी त्या चिखलाचे बूट घालूनच संचालकांच्या खोलीत शिरल्या. मागून मामा खोकं घेऊन आले. बाईंनी नऊ बाटल्या एकेक करून टेबलावर मांडल्या, संचालकांचा चहाचा कप बाजूला सारून. संचालक उठून उभे राहिले. "बाई, खरंच कमाल आहे तुमची. या वयात डोंगर... ठेवू, या जरूर ठेवू. एक फळी देतो मी तुम्हाला." त्यांनी बाटल्या कौतुकाने बघायला सुरुवात केली, आणि शेवटची उचलून खिडकीकडे धरली.

"यात काही दिसत नाही."

"चिठ्ठी वाचा."

त्यांनी काचेतून वाचलं. आंधळा झरा, तारीख, आणि खाली, प्राणी नाहीत, झरा बंद.

"तिथे आता पंप आहे," बाई म्हणाल्या. "तिथले जे होते ते खाली तुमच्या बरणीत आहेत. त्यांतले कोणते ते मला सांगता येत नाही, तुम्हाला नाही, आणि उद्या येईल त्यालाही सांगता यायचं नाही."

मामा दारात खाली मान घालून उभे होते. मग संचालक हलक्या आवाजात म्हणाले, "वाईट झालं, बाई. मनापासून सांगतो, वाईट झालं. या आठ बाटल्या राहू द्या. पण ही रिकामी... कपाटात रिकामी बाटली कशी ठेवणार?"

बाईंनी ती त्यांच्या हातातून घेतली, आठांच्या रांगेत शेवटी ठेवली, आणि समोरची खुर्ची ओढून बसल्या.

"मग आता ही कशात मिसळायची, ते सांगा."